पन्नास रुपये, आगाऊ

मला ऑफसाइड अजून कळत नाही.
मी क्लबचा हिशेब लिहिते, आठवड्यातून तीन संध्याकाळी,
कोपरखैरण्यात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत.
खिडकीत बूट वाळत असतात,
व्हाउचरांनासुद्धा त्यांचा वास लागतो.

पहिल्या वर्षी सगळा खर्च शंभर पानी वहीत मावला.
केळी, बर्फ, टेंपो.
बसभाडं मुली आपापलं भरायच्या, मी ते कुठेच लिहिलं नाही.
लिहिलं नाही ते झालंच नाही, असं ऑडिटर म्हणतो.
कागदावर तेव्हा आम्ही फायद्यात होतो.

आता टॅली आहे. स्टॅम्पपेपरवर करार आहेत,
दहा महिन्यांचे, आणि त्यात छापलंय : व्यावसायिक खेळाडू.
सही करताना प्रणिता शेलारनं
त्या दोनच शब्दांचा फोटो काढून वडिलांना पाठवला.
ते कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
हजेरी, लेव्ही, फंड हे त्या घरात
देवाच्या नावासारखे घ्यायचे शब्द.
त्यांचा उलट एकच प्रश्न आला :
पीएफ कापतात का?

मी म्हटलं, कापू.
कापायला आधी पगार व्हावा लागतो हे मी म्हटलं नाही.

उलव्याच्या बिल्डरचं नाव मुलींच्या छातीवर आहे,
दर धुण्यात थोडं थोडं निघतंय.
तीन हप्ते ठरले होते, दोन आले.
तिसऱ्यासाठी फोन केला की तो प्रेमानं बोलतो.
मॅडम, पोरांची टीम काढा, उद्या चेक देतो.
त्याच आठवड्यात पेपरात पान भरून आलं,
महिला फुटबॉलला सुगीचे दिवस.
कात्रण मी फाइलला लावलं,
थकीत पगाराच्या यादीमागे, पंच जुळवून.

खोटं नव्हतं ते. सुगी आहेच.
चाचणीला यंदा दोनशे मुली आल्या, बोईसरपासून पनवेलपर्यंतच्या,
एक तर भावाच्या शाळेच्या बुटांत.
पण सगळी सोंगं आणता येतात.

लालरिनपुई मिझोरामची. घणसोलीत चौघींत एक खोली.
भोईरकाका भाड्याला थांबतात, लाइटबिलाला नाही.
ती दारात उभी राहते, आत येत नाही.
ताई, उद्या?
मी म्हणते, उद्या.
आमच्या दोघींत एवढं एकच मराठी झालंय
आणि तेही मीच तिला शिकवलंय.

शेवटच्या मॅचला पहिल्यांदाच तिकीट लावलं.
कमिटीत हसले लोक. पन्नास रुपये? बायकांच्या मॅचला?
मी गेटवर टेबल टाकून बसले, पावतीपुस्तक आणि रबरबँड घेऊन.
सहाशे अकरा तिकिटं गेली.
मी दोनदा मोजली, मग तिसऱ्यांदा, उगाच.

तीस हजार पाचशे पन्नास.
अँब्युलन्स सात हजार, ती रिकामीच परत गेली, देवाची कृपा.
फ्लडलाइट तीन तास, साडेतेरा.
पंच आणि लाइनमन, सहा हजार आठशे.
उरले तीन हजार दोनशे पन्नास.
बावीस मुली. भागून पाहिलं आणि पेन बाजूला ठेवलं.

हरलो की जिंकलो ते मला आतल्या आवाजावरून कळलं.
मी गेटवरच होते.

एक बाई दिवाळ्याहून आली होती,
रिकामी पाटी काखेत, हातांना बोंबलाचा वास.
शंभराची नोट दिली. सुटे शोधत होते मी.
म्हणाली, राहू दे गं बाय,
पुढच्या मॅचचं धर.
आणि गेली आत, गोलमागच्या कट्ट्यावर.

रात्री नोंद करायला बसले तर अडले.
देणगी नाही, तिनं देणगी म्हटलं नव्हतं.
उत्पन्न नाही, मॅच अजून झालेली नाही.
नियमानं आगाऊ आलेला पैसा देण्यात लिहायचा.
बिल्डरचं येणं डावीकडे, लाखांत, केव्हाचं तसंच.
उजवीकडे पगार, भाडं, लाँड्री,
आणि सगळ्यांच्या खाली
पन्नास रुपये, नाव माहीत नाही, दिवाळे.

पुढचा मोसम होईल का ते कमिटी ठरवणार आहे,
पंधरा तारखेला.
मी ताळेबंद घेऊन जाणार आहे.
ती ओळ ते विचारतील.